मॉनिटर भंगारात देण्याआधी जाणकाराकडून उघडवून तरी बघा

महोदय,

कॉम्प्युटरचा मॉनिटर बिघडला की आपल्याकडे दुकानातून बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, ‘गेला, नवीन घ्या.’ मागचं झाकण न काढता दिलेलं हे उत्तर आपण निमूट ऐकतो आणि पाच-सहा हजार रुपये मोजून मोकळे होतो. हे थांबायला हवं असं मला मनापासून वाटतं. त्याबद्दल वाचकांशी आणि आपल्यामार्फत प्रशासनाशीही बोलायचं आहे, म्हणून हे पत्र.

मी मालवण तालुक्यात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. दहावी-बारावीचे निकाल लागले की उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेअर यांसाठी दारात रांग लागते. नेमक्या त्याच दिवसांत माझ्या साडेअठरा इंची मॉनिटरने त्रास द्यायला सुरुवात केली. सकाळी बटण दाबलं की खालचा छोटा दिवा लागायचा, पण स्क्रीन काळीच. मग लुकलुकायची, बंद पडायची, पुन्हा लागायची आणि एकदा का मॉनिटर तापला की दिवसभर व्यवस्थित चालायचा. हळूहळू त्याला तापायलाच जास्त वेळ लागू लागला आणि एका सकाळी स्क्रीन उजळलीच नाही. बाहेर नातीच्या कॉलेजप्रवेशासाठी दाखला काढायला आलेले एक आजोबा बसले होते, त्यांना परतीची एसटी गाठायची होती. शेजारच्या झेरॉक्सवाल्यांचा मॉनिटर उसना आणला आणि वेळ निभावली.

त्या उसन्या मॉनिटरने एक शंका तिथेच फिटली. तीच केबल, तोच सीपीयू, आणि सगळं सुरळीत चाललं. म्हणजे दोष मॉनिटरमध्येच होता. हे घरच्या घरी कुणालाही तपासता येतं. आपल्या हवेत तर केबलकडे आधी बघावं. खाऱ्या दमट वाऱ्याने पिनांवर हिरवट थर चढतो आणि रंग उडालेली किंवा थरथरणारी स्क्रीन कित्येकदा निव्वळ केबल बदलल्याने ताळ्यावर येते. स्क्रीनवर ‘नो सिग्नल’ अशी पाटी दिसत असेल तर मॉनिटर बहुधा ठीक असतो, खोट केबलमध्ये किंवा सीपीयूकडे शोधावी.

ज्या दुकानात मी मॉनिटर आधी दाखवला तिथे दोन मिनिटांत ‘पॅनल गेलं’, म्हणजे चित्र उमटवणारी काचच निकामी झाली, असा निकाल मिळाला. माझं समाधान झालं नाही. कणकवलीला टीव्ही दुरुस्त करणारे एक कारागीर आहेत, त्यांना फोन केला. ते म्हणाले, खोलीत अंधार करा, मॉनिटर चालू ठेवा आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरा. धरला, तर डेस्कटॉपवरचे आयकॉन पुसटसे दिसले! चित्र उमटत होतं, पॅनल शाबूत होतं, फक्त त्याच्या मागचा उजेड लागत नव्हता.

कणकवलीला त्यांनी माझ्यासमोरच मॉनिटर उघडला. स्टँडजवळचे स्क्रू गंजलेले होते, ते जपून सोडवले. मग कडेच्या फटीत प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवत एकेक खटका सोडवला. आत हातभर लांबीचाही नसलेला पावर बोर्ड आणि त्यावर उभे छोटे गोल डबे, म्हणजे वीज साठवून सुरळीत पुरवणारे कॅपॅसिटर. दोघांची सपाट असायला हवी ती डोकी पुरीसारखी टम्म फुगली होती आणि एकाच्या बुडाशी तपकिरी चिकटा सुकून बसला होता. ‘पॅनल बरो आसा ताई, हेच फुगले आसत,’ ते म्हणाले. त्यांच्या अंगावर छापलेलं होतं, १००० मायक्रोफॅरड (हे साठवणक्षमतेचं माप), २५ व्होल्ट, १०५ अंश. त्याच मापाचे नवे बसवले आणि मजुरीसकट सहाशे रुपये घेतले. नव्या मॉनिटरला मला सहा हजारांचा भाव सांगितला होता. तो मॉनिटर आजही माझ्या टेबलावर चालतो आहे.

हा बिघाड काही अपवादाने होणारा नाही. कॅपॅसिटरमधलं द्रव्य उष्णतेने सुकत जातं. आतलं तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं असा इलेक्ट्रॉनिक्समधला ठोकताळा आहे. आता आपल्याकडची मे महिन्यातली पत्र्याखालची खोली डोळ्यांसमोर आणा. त्यात वीज कमी-जास्त होणं रोजचंच, पावसाळ्यात भिंतींना ओल, आणि मान्सूनआधी नि परतीच्या पावसात विजांचा कडकडाट. गडगडाट सुरू झाला की मी प्लगही काढते आणि इंटरनेटची तांब्याची केबलही, कारण वीज दोन्हींकडून आत येऊ शकते. पावसाळ्यात केंद्र बंद असलं तरी मॉनिटर अधूनमधून तासभर चालू ठेवते, तेवढ्या उबेने आतली ओल निघते.

एक कळकळीची सूचना, झाकण स्वतः उघडू नका. २३० व्होल्टचा पुरवठा आत गेल्यावर तिथल्या मोठ्या कॅपॅसिटरवर तीनशेपेक्षा जास्त व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तसेच राहू शकतात. जीवावर बेतू शकतं. हे काम जाणकाराचंच आहे. आणि मॉनिटर वॉरंटीत असेल तर त्याला बाहेर कुणालाच हात लावू देऊ नका, आधी बिल शोधा.

प्रत्येक मॉनिटर दुरुस्तच करावा असं माझं म्हणणं नाही. काच तडकली असेल, शाईसारखा डाग पसरत असेल, किंवा उभ्या रेघा कायमच्या बसल्या असतील तर दोष बहुधा पॅनलचाच असतो आणि नवं पॅनल जवळपास नव्या मॉनिटरच्याच भावात पडतं. तिथे पैसे घालू नयेत. जुन्या मॉनिटरमध्ये उजेडासाठी बारीक ट्यूब असायच्या. अशा मॉनिटरच्या दुरुस्तीचा खर्चही जुळत नाही, शिवाय ते वीज जास्त खातात. असा १९ इंची मॉनिटर एलईडीवाल्यापेक्षा वीसेक वॅट जास्त घेतो असं धरलं आणि तो रोज आठ तास, वर्षातले ३०० दिवस चालवला, तर ४८ युनिट जादा जळतात. त्या ट्यूबमध्ये पाराही असतो, त्यामुळे ते फोडायचे नसतात. मी स्वतःपुरता नियम केला आहे. दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीच्या वर जात असेल तर नवा घ्यायचा, त्याच्या आत असेल तर दुरुस्त करायचा. पण हा हिशेब मांडायला आधी नेमकं काय बिघडलंय हे कळायला हवं, आणि सगळं घोडं तिथेच अडतं.

दुकानदारांना मी सरसकट दोष देत नाही. त्यांना सुटे भाग सहज मिळत नाहीत. पावर बोर्ड हवा तर मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात कुणीतरी शोधायचा आणि पार्सलने पाठवायचा. तोवर गिऱ्हाईक थांबत नाही. युरोपीय संघात मार्च २०२१ पासून लागू असलेल्या नियमानुसार डिस्प्ले बनवणाऱ्या कंपन्यांना पावर सप्लाय, कनेक्टर आणि ४०० मायक्रोफॅरडपेक्षा मोठे कॅपॅसिटर व्यावसायिक दुरुस्ती करणाऱ्यांना किमान सात वर्षं पुरवावे लागतात. माझ्या मॉनिटरमध्ये फुगलेले कॅपॅसिटर नेमके त्याच जातीचे होते! आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, ते पाऊल चांगलंच आहे. पण पोर्टलवर माहिती असणं आणि सिंधुदुर्गातल्या कारागिराच्या हातात बोर्ड पडणं यात फार अंतर आहे. कंपन्यांनी सुटे भाग जिल्ह्यापर्यंत पोचवलेच पाहिजेत, असं बंधन इथेही हवं.

टाकून दिलेल्या मॉनिटरांचं पुढे काय होतं तेही बघवत नाही. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, उत्पादकांवर जबाबदारी आहे, नोंदणीकृत केंद्राकडेच हा माल जायला हवा. गावात मात्र भंगारवाला येतो, तांब्याच्या तारेसाठी मॉनिटर फोडतो आणि उरलेलं प्लास्टिक नि काच व्हाळाच्या कडेला पडतं. पाऊस लागला की ते सगळं खाडीत.

म्हणून जिल्हा प्रशासनाला माझी एक विनंती आहे. शाळा, ग्रामपंचायती, सोसायट्या यांच्या जिन्याखाली धूळ खात पडलेले मॉनिटर मे महिन्यात तालुक्याच्या ठिकाणी एकत्र आणावेत. आयटीआयमध्ये ‘इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक’ हा ट्रेड असतो. त्या मुलांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली प्रत्येक मॉनिटर उघडून तपासावा आणि काय बिघडलंय ते कागदावर लिहून मागच्या बाजूला चिकटवावं. दुरुस्त होतील ते जूनच्या आत शाळांना परत जावेत, उरतील ते नोंदणीकृत ई-कचरा केंद्राच्या गाडीत चढावेत. मुलांच्या हाताला काम शिकायला मिळेल आणि कणकवलीच्या त्या कारागिरांसारखी माणसं प्रत्येक तालुक्यात तयार होतील. जागा लागली तर माझ्या केंद्राच्या पडवीत पंधरा-वीस मॉनिटर ठेवायची माझी तयारी आहे आणि यादी करून द्यायचं कामही मी करीन.

आपली,
एक सेवा केंद्रचालक,
मालवण तालुका, जि. सिंधुदुर्ग