बोल्ट तुटू द्या, आण्णा

ती. आई व आण्णांस,
साष्टांग नमस्कार.

"रोटरचा बोल्ट आता काही तुटत नाही, चांगला कडक टाकलाय," असं आण्णा परवा फोनवर म्हणाले, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. फोनवर तुम्ही हो हो म्हणता आणि विषय ज्वारीवर नेता, म्हणून लिहून पाठवतेय.

आण्णा, तो बोल्ट तुटण्यासाठीच असतो. घरातल्या फ्यूजचं जे काम, तेच त्याचं. आपल्या सीनाकाठच्या रानात, ट्रॅक्टरमागं माती फोडणाऱ्या रोटरच्या पात्यांखाली धोंडा आला की रोटर अडतो, पण ट्रॅक्टर जोर लावतच राहतो. ट्रॅक्टरचा जोर रोटरला पोचवणारा पीटीओ शाफ्ट रोटरच्या गिअरबॉक्सला जोडलाय तिथला बोल्ट तुटला, की शाफ्ट नुसता फिरतो आणि पुढचं सगळं वाचतं. बोल्ट तुटलाच नाही, तर गिअरबॉक्समधल्या क्राउन-पिनियन चाकांचे दात जातील, नाहीतर शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस फुटेल. ऐन वापशात रोटर गॅरेजला आणि पेरणी खोळंबलेली, हे तुम्हालाच सोसायचं नाही.

माझं रोजचं कामच नटबोल्ट तपासण्याचं आहे, म्हणून हक्कानं सांगते. बोल्टच्या माथ्यावर आकडा असतो. १२.९ चा बोल्ट ८.८ पेक्षा दीडपट ताकदीचा. रोटरच्या पुस्तकात जो आकडा आणि जी जाडी दिली आहे, तोच घालायचा. त्याहून कडक नको, आणि बोल्टऐवजी सळईचा तुकडा तर मुळीच नको.

आता तो सारखा का तुटत होता, ते बघा. दादानं पाठवलेल्या फोटोत तुटलेल्या बोल्टला माथ्यापासून टोकापर्यंत आटे दिसतात. जिथे तो कापला जातो तिथे आटे आले की धातू कमी उरतो आणि बोल्ट उगाच लवकर जातो. तिथे कोरी दांडी यायला हवी, आटे फक्त नटापुरते. भोकंही बघा. ती लांबट झाली असतील तर बोल्ट आत हिंदकळून ठोके खातो. मग कितीही बदला, टिकणार नाही. आणि दादाला सांगा, पीटीओ चालू करताना रेस कमी ठेव, बांधावर वळताना रोटर उचलून घे.

खरी काळजी मात्र बोल्ट बदलतानाची आहे. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. धोतराचा सोगा किंवा पदराचं टोक अडकलं तर हात मागे घ्यायलाही सवड मिळत नाही. म्हणून आधी रोटर जमिनीवर टेकवा, पीटीओ बंद करा, इंजिन बंद करा आणि किल्ली खिशात घाला. शाफ्ट पूर्ण थांबल्यावरच खाली वाका. मग तो हातानं फिरवत दोन्ही भोकं समोरासमोर आणा, आत अडकलेला तुकडा पंच लावून हातोडीनं हळूच बाहेर काढा, नवा बोल्ट घालून नट आवळा. पुन्हा चालू करण्याआधी तो धोंडा पात्यांतून निघालाय ना, हेही बघा.

आई, भाकरी घेऊन रानात गेलीस की तू यांना पाना द्यायला थेट रोटरपाशी जातेस. ट्रॅक्टर चालू असताना जाऊ नकोस गं. बांधावरूनच हाक मार, त्यांना तुझ्याकडे येऊ दे. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर तेही कळव.

योग्य बोल्टांची पुडी, नटांसकट, दादाबरोबर पाठवतेय. ट्रॅक्टरच्या पेटीतच ठेवा. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर फुटून गेलंय, ते दिवाळीला येताना आणीन. शाफ्टची लांबी टोकापासून टोकापर्यंत मोजून कळवा. आणि तो कडक बोल्ट पुडी मिळाल्यावर आधी काढा, मगच रोटर रानात घाला.

तुमची लेक