रीगातलं गाण्यांचं कपाट आणि आपल्या ओव्या

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. तुमच्या रविवारच्या पुरवणीत मागे युरोपातल्या स्वस्त वीकेंड शहरांवर पानभर लेख आला होता, त्यात रीगाला जेमतेम चार ओळी मिळाल्या, जुनं शहर छान आहे, बिअर स्वस्त आहे, फोटो मस्त येतात, संपलं. मी बर्लिनला नोकरीला असते, तुमचा पेपर मोबाइलवर रोज वाचते, आणि नेमकी त्यानंतर काही दिवसांनी मैत्रिणीबरोबर रीगालाच जाऊन आले म्हणून हे पत्र. भांडायला लिहीत नाहीये, पण त्या चार ओळींत जे राहिलं ते मराठी माणसाने तरी वाचायलाच हवं असं मला वाटतं.

आधी थोडी माहिती, कारण लॅटव्हिया म्हटलं की आपल्याकडे लोक विचारतात ते नक्की कुठे आलं. बाल्टिक समुद्राच्या काठचे तीन छोटे देश, वर एस्टोनिया खाली लिथुआनिया आणि मधे लॅटव्हिया, अख्ख्या देशाची लोकसंख्या १९ लाखांच्या आत म्हणजे आपल्या पुण्याहूनही कमी, आणि त्यातली साधारण सहा लाख माणसं एकट्या रीगात. बर्लिनहून विमानाने पावणेदोन तास. शेंगेन आहे, युरो चालतो, त्यामुळे जर्मनी-फ्रान्सच्या व्हिसावर युरोपात आलेल्या कुणालाही दोन दिवस वाकडी वाट करून जाता येतं. आम्ही जूनच्या सुरुवातीला गेलेलो, रात्री दहा वाजले तरी लख्ख उजेड, जेवायची वेळच कळेना.

शुक्रवारी संध्याकाळी सामान टाकलं आणि पहिल्यांदा बाजारात गेलो. हा मोठा बाजार १९३० साली सुरू झाला, पाच प्रचंड हॉल, आणि त्यांच्या छपरांचे सांगाडे पहिल्या महायुद्धातल्या जर्मन झेपेलिनच्या, म्हणजे त्या अवाढव्य हवाई जहाजांच्या, हँगरमधून काढून आणलेले. लढाई संपली, हँगर रिकामे पडले, मग त्यांच्याखाली दूध, मटण, भाजी, मासळी विकायला बसवली. मला हे भयंकर आवडलं. माझी मैत्रीण मालवणची, तिला इतिहासाशी काही देणंघेणं नाही, ती थेट मासळीच्या हॉलमध्ये, धुरी दिलेली वाम, स्प्रॅट, सामन सगळं वाकून बघत, गिल्स उचलून बघायला बोट पुढे करत, आणि मला म्हणते, मासो ताजो आसा गो. विकणाऱ्या बाईला काय कळलं देव जाणे पण ती हसली आणि एक तुकडा चाखायला दिला. मी शाकाहारी, पण माझेही हाल झाले नाहीत बरं का. काळसर राय ब्रेड, पिंपातला आंबवलेला कोबी, बटाट्याचे घावन आणि बिटाचं गुलाबी थंड सूप यावर दोन दिवस मजेत निघतात. त्यांचे राखाडी वाटाणे प्रसिद्ध आहेत पण त्यात डुकराची चरबी असते, सांगून काढायला लावावी लागते.

जुन्या शहराबद्दल तुमच्या लेखात होतंच, मी लांबण लावत नाही. शहर १२०१ सालचं, युनेस्कोच्या यादीत १९९७ पासून. ज्या ब्लॅकहेड्स हाउससमोर सगळे फोटो काढतात ते घर खरं तर १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात गेलेलं, उरलेले अवशेष सोव्हिएत सरकारने (तेव्हा लॅटव्हिया सोव्हिएत संघात होता) १९४८ मध्ये पाडले, आत्ता दिसतं ते १९९९ मध्ये पूर्ण झालेलं नवं बांधकाम. तरी लोकांना ते आवडतं, मलाही आवडलं. आल्बर्टा रस्त्यावर मात्र वेळ ठेवा, तिथल्या इमारतींवर किंचाळणारे चेहरे, सिंह, मोर, काय काय कोरलंय, त्यातल्या बऱ्याच मिखाइल आयझेनस्टाइनने बांधल्या, सिनेमावाला सेर्गेई आयझेनस्टाइन त्याचाच मुलगा आणि जन्म रीगातलाच.

आता मुद्द्यावर येते. शनिवारी आम्ही डौगावा नदीवरचा पूल चालत ओलांडून पलीकडे राष्ट्रीय ग्रंथालयात गेलो. काचेच्या डोंगरासारखी तिरकी उंच इमारत आहे, गुनार बिर्कर्ट्स नावाच्या लॅटव्हियात जन्मलेल्या अमेरिकन आर्किटेक्टने काढलेली, २०१४ मध्ये उघडली. त्या वर्षी जानेवारीत कडाक्याच्या थंडीत जुन्या ग्रंथालयापासून इथपर्यंत हजारो माणसं रांगेत उभी राहिली आणि हातातून हातात पुस्तकं देत नव्या इमारतीत पोचवली. मैत्रिणीला यायचंच नव्हतं, सुट्टीत लायब्ररी बघायला कोण जातं असं तिचं म्हणणं, पण वर एका खोलीत लाकडाचं एक कपाट होतं तिथे ती माझ्यापेक्षा जास्त वेळ थांबली.

कपाट म्हणजे दिसायला अगदी साधं. माझ्या उंचीचं, सत्तरेक छोटे ड्रॉवर, जुन्या होमिओपॅथी डॉक्टरकडे औषधांचं असायचं ना, तसंच. प्रत्येक ड्रॉवरमध्ये लहान लहान खण आणि त्यात बोटभर लांबीच्या कागदाच्या चिठ्ठ्या, तीन सेंटिमीटर बाय अकरा सेंटिमीटर, आणि प्रत्येक चिठ्ठीवर बारीक अक्षरात एक गाणं. अशा अडीच लाखांहून जास्त चिठ्ठ्या. ही गाणी म्हणजे त्यांच्या दाइना, बहुतेक चार-चार ओळींची, खेड्यापाड्यात पिढ्यानपिढ्या तोंडी चालत आलेली आणि मुख्यतः बायकांची. ज्या माणसाने हे कपाट केलं तो क्रिश्यानिस बॅरन्स, जन्म १८३५, शिकला गणित आणि खगोलशास्त्र, रशियात एका जमीनदाराच्या घरी मुलांना शिकवायची नोकरी करत होता, आणि गावोगावचे लोक पोस्टाने गाणी पाठवत होते ती तो कापून, लिहून, विषयवार लावत बसायचा. १८८० मध्ये मॉस्कोत स्वतःच्या मापाने सुताराकडून हे कपाट बनवून घेतलं, १८९३ मध्ये ते घेऊन रीगाला परतला. १८९४ ते १९१५ एवढा काळ हे छापायला लागला, छापून झाली तेव्हा २ लाख १७ हजारांवर गाणी भरली. तेव्हा लॅटव्हिया नावाचा देशच अस्तित्वात नव्हता, तो १९१८ मध्ये झाला. युरो यायच्या आधी त्यांची १०० लाट्सची नोट होती, तिच्यावर राजा नाही, सेनापती नाही, दाढीवाले बॅरन्स आजोबा. आणि २००१ मध्ये युनेस्कोने हे कपाट जगाच्या स्मृतींच्या यादीत घेतलं.

मी तिथल्या पाट्या वाचत होते आणि विषय बघत होते. लग्न होऊन जाणारी मुलगी, सासू, आई नसलेली पोर, सूर्याला आई म्हणणं, आणि दळण. हो, दळण! पहाटे अंधारात उठून जात्यावर बसणाऱ्या मुलींची गाणी वेगळी लावलेली आहेत. मैत्रीण म्हणाली माझी आजी हेच करायची, तिच्या ओव्या कुणी लिहून घेतल्या. मला पटकन उत्तर सुचलं नाही, पण खरं उत्तर आहे, आणि ते तुमच्या वाचकांपैकी किती जणांना माहीत आहे ते तुम्हीच विचारून बघा.

आपल्याकडे हे काम झालेलं आहे. हेमा राईरकर आणि मूळ फ्रान्समधले गी पॉइत्व्हाँ या दोघांनी पुण्यात राहून, मुळशीच्या डोंगरातल्या गावांपासून सुरुवात करून, महाराष्ट्रातल्या हजारावर गावांमधून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. नुसत्या लिहून नाही घेतल्या, हजारो ओव्या टेपवर रेकॉर्ड केल्या, गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव नोंदवून ठेवलं. आज त्या 'पारी'च्या, म्हणजे ग्रामीण भारताच्या नोंदी जपणाऱ्या ऑनलाइन संग्रहाच्या, साइटवर ऐकायला मिळतात, माहेर, भाऊ, विठ्ठल, सीता, बाबासाहेब, सगळे विषय. म्हणजे एका बाबतीत आपण रीगाच्या पुढेच आहोत, त्या कपाटात आवाज नाही, इथे आजीचा खोकला आणि मागे कोंबडा पण ऐकू येतो. आणि तरी आपल्याला याचा पत्ता नाही! विजेची चक्की आली, जातं माळ्यावर गेलं किंवा हॉटेलवाल्याने शोभेला दारात नेऊन ठेवलं, आणि ओवी उरली ती शाळेच्या स्नेहसंमेलनात नऊवारी नेसून करायच्या एका आयटमपुरती.

तिकडे चिठ्ठ्या कपाटात बंद करून लोक गप्प बसलेत असंही नाही. १८७३ पासून त्यांचा मोठा गाण्याचा उत्सव भरतो, आता साधारण पाच वर्षांनी, शहराच्या उत्तर भागातल्या पाइनच्या झाडीत उघड्या रंगमंचावर हजारो माणसं एकत्र उभी राहून गातात. सोव्हिएत काळात हे गाणंच त्यांना पुरलं. शहराच्या मधोमध १९३५ चा स्वातंत्र्याचा स्तंभ आहे, ४२ मीटर उंच, वर हातात तीन तारे धरलेली बाई, लोकांच्या वर्गणीतून बांधलेला, त्याच्या पायाशी फूल ठेवणं म्हणजे एके काळी पोलिसांना आमंत्रण होतं. १९८७ च्या जूनमध्ये लोकांनी जाऊन फुलं ठेवलीच. आणि २३ ऑगस्ट १९८९ ला स्वातंत्र्यासाठी एस्टोनियाची राजधानी तालिनपासून रीगावरून लिथुआनियाची राजधानी विल्निअसपर्यंत सहाशे किलोमीटरच्या वर, जवळजवळ वीस लाख माणसं हातात हात घालून उभी राहिली. त्या सगळ्या काळाला ते गाणारी क्रांती म्हणतात ते उगाच नाही. आम्ही रविवारी सकाळी गेलो तेव्हाही स्तंभाशी ताजी फुलं होती आणि दोन शिपाई पहाऱ्याला ताठ उभे. केजीबीची, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांची, जुनी कोपऱ्यावरची इमारतही बघता येते, मी आत जाऊन आले, मैत्रीण बाहेर थांबली, ज्याला जमेल त्याने जावं.

आता वाद काय झाला ते सांगते, कारण विमानतळाच्या बसमध्ये आम्ही तेवढाच एक विषय चघळत होतो. माझं म्हणणं असं की ऑनलाइन असणं चांगलंच आहे पण जागा हवी. पुण्यात किंवा मुंबईत एक खोली, शाळेची सहल नेता येईल अशी, मधे एक चालू जातं, मुठीला हात लावता येईल, कानाला लावायला हेडफोन, भिंतीवर गावांचा नकाशा, आपल्या जिल्ह्यावर बोट ठेवलं की तिथल्या बाईचा आवाज. याला काही फार पैसे लागत नाहीत, पुतळ्यांवर जातात त्याच्या मानाने तर काहीच नाही. मैत्रिणीचं म्हणणं, खोली केली की उद्घाटन होईल, फीत कापतील, दुसऱ्या वर्षी हेडफोन बंद आणि जात्यावर पाटी, हात लावू नये. तिला म्हटलं तू फार निगेटिव्ह आहेस, पण मला तिचं चुकीचं वाटलं असंही नाही.

म्हणून तुमच्याकडे दोन मागण्या. एक तर प्रवासाच्या पानावर शहर सांगताना तिथलं एखादं असं कपाट पण सांगत जा, किंमती आणि हॉटेलं लोक मोबाइलवर बघतातच. शनिवारी गेलात तर ग्रंथालयाच्या वेळा आधी बघून जा एवढंही लिहा म्हणजे कुणाची खेप फुकट जाणार नाही. आणि दुसरं, रविवारच्या पुरवणीत राशिभविष्याशेजारी चार बोटं जागा असते तिथे दर आठवड्याला एक ओवी छापा, खाली गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, तालुका, आणि जमलं तर ती ऐकायचा क्यूआर कोड. परवानगी रीतसर मागून घ्या. आणि मैत्रिणीने खास सांगितलंय, सोबत जात्याचं चित्र टाकू नका, बाईचा फोटो टाका.

तुमची एक वाचक,
बर्लिन