नापाचं 1976 सगळे सांगतात, 1968 कुणी सांगत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला कॅलिफोर्नियाच्या नापा-सोनोमा भागावरचा लेख वाचला. फोटो झकास आहेत. पण ‘एका दिवसात सहा वायनऱ्या कशा कराल’ ही चौकट वाचली आणि गप्प बसवेना. माझी मुलगी सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहते, त्यामुळे माझं तिकडे जाणं-येणं असतं. आयुष्यभर केटरिंगचा व्यवसाय केला, म्हणून कुठंही गेलं तरी माझं नाक आधी स्वयंपाकघराकडे वळतं.

सहा वायनऱ्या म्हणजे जिभेवर अत्याचार आहे. एकेका ठिकाणी चार-पाच प्रकारच्या वाइन दोन-दोन घोट पुढ्यात येतात. कॅबर्ने या लाल वाइनमधला तुरटपणा लाळेतल्या प्रथिनांना धरतो आणि तोंड कोरडं पडतं, ओंजळभर जांभळं खाल्ल्यावर पडतं तसं. तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत चांगलं काय नि सुमार काय, कळेनासं होतं. टेबलावर थुंकायचं भांडं ठेवलेलं असतं, ते शोभेला नव्हे. चारचौघांत थुंकायचं म्हणजे आपल्याला कसंसंच होतं. तिथं या धंद्यात मुरलेली माणसं खुशाल थुंकतात आणि म्हणूनच संध्याकाळपर्यंत शुद्धीवर असतात. सकाळी एक, जेवण झाल्यावर एक, यापलीकडे जाऊ नये. टेस्टिंगची फी बघितली तर खिसाही हेच सांगेल.

लेखात जेवणाविषयी एकच ओळ आहे: ‘वायनरीतच दुपारचं जेवण उरका.’ नापात हे बहुतेक ठिकाणी जमणार नाही. काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, 1990 साली वायनरी म्हणजे काय याचा नियमच केला. त्यानुसार वायनरीला रेस्टॉरंट चालवता येत नाही, आणि नव्या वायनरीला किमान 75 टक्के द्राक्षं नापा काउंटीतलीच वापरावी लागतात. वाइनसोबत चार घास देतात, पण पोटभर जेवायला यॉन्टव्हिल, सेंट हेलेना, कॅलिस्टोगा नाहीतर नापा शहर गाठायचं. आपला डबा उघडायलाही सगळीकडे परवानगी नसते, आधी विचारून घ्यावं. हे माहीत नसलं की दुपारी दोन वाजता रिकाम्या पोटी तिसरा ग्लास हातात येतो. पुढचं सांगायला नको.

हा नियम आला त्याची मुळं 1968 सालात आहेत, आणि माझी खरी तक्रार इथं आहे. पॅरिसमधल्या 1976 च्या स्पर्धेत नापाच्या वाइनींनी फ्रेंचांना कसं हरवलं, यावर आपल्या लेखकाने दोन परिच्छेद खर्च केले. शातो माँटेलेना वायनरीची 1973 ची शार्डने पांढऱ्यांत पहिली, स्टॅग्ज लीप वायनरीची 1973 ची कॅबर्ने लालमध्ये पहिली, आणि गुण धरले ते फ्रेंच परीक्षकांचेच. गोष्ट मजेदार आहे, वादच नाही. पण ती घडायच्या आठ वर्षं आधी काउंटीने नापा खोऱ्यातली जमीन ‘कृषी राखीव’ ठरवली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूने घरांच्या वसाहती सरकत येत होत्या. जमिनीचा तुकडा कमीत कमी 20 एकरांचा हवा, अशी अट घातली गेली. पुढे ती 40 वर नेली. काही जमीनमालकांनी कडाडून विरोध केला, कारण प्लॉट पाडून विकण्यात पैसा होता. 1990 मध्ये मतदारांनी आणखी एक कुलूप लावलं: शेतजमिनीचा वापर बदलायचा तर लोकांचं मत घ्यायचं. 2008 मध्ये त्याची मुदत 2058 पर्यंत वाढवली. आपल्या पुरवणीतल्या फोटोत डोंगरापर्यंत ज्या हिरव्या ओळी दिसतात, त्या या कायद्यामुळे दिसतात. स्पर्धा जिंकून जमीन वाचत नाही. उलट भाव वाढून ती लवकर विकली जाते.

जमीन राहिली म्हणून चवही राहिली. खोरं जेमतेम पन्नास किलोमीटर लांब. दक्षिणेला कार्नेरॉसमध्ये सॅन पाब्लो उपसागरावरून धुकं येतं. सकाळी शाल लागते, म्हणून तिथं शार्डने आणि पिनो न्वार जातीची द्राक्षं. वर कॅलिस्टोगाला जावं तर दुपारी अंग भाजतं, तिथं कॅबर्ने. नकाशा नसला तरी कातडीला कळतं.

यॉन्टव्हिलच्या ‘फ्रेंच लाँड्री’त जेवायची माझी ऐपत नाही. शेफ टॉमस केलर यांनी ते रेस्टॉरंट 1994 मध्ये घेतलं आणि जगभर नाव केलं. पण रस्त्याच्या पलीकडे त्यांची भाज्यांची बाग आहे, तिथं कुणीही फुकट फिरून येऊ शकतं. मी तिथं बराच वेळ वाफे न्याहाळत होते. जावई गाडीत कंटाळून झोपला.

सोनोमात ‘ड्राय जॅक’ नावाचं चीज मिळतं. त्याच्या सालीला कोको, मिरपूड आणि तेल चोळलेलं असतं. पातळ काप काढला की कडेची तपकिरी रेघ दिसते. आधी वाइनचा घोट घ्यावा, मग चीज, मग पुन्हा तीच वाइन. स्निग्धपणा आणि मीठ मिळून तुरटपणाची धार मोडतात आणि दुसऱ्या घोटात फळाची चव वर येते. बकरीच्या दुधाच्या चीजबरोबर मात्र सॉव्हिन्यों ब्लाँ ही आंबटसर पांढरी वाइन; आंबटाला आंबटच झेपतं. आपल्यासारख्या तिखट खाणाऱ्यांनी जड लाल वाइनच्या वाटेला जाऊ नये, अल्कोहोलने मिरचीचा जाळ वाढतो. किंचित गोडसर रीसलिंग ही पांढरी वाइन घ्यावी. ती गोड म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना मुरडू द्यावीत.

पण तिथलं खरं खाणं मला भेटलं ते हायवे 12 वरच्या एका टॅको ट्रकपाशी, म्हणजे मेक्सिकन खाणं विकणाऱ्या गाडीपाशी. द्राक्षतोडणीचे दिवस होते. फळ थंड राहावं म्हणून तोडणी बरेचदा रात्री करतात, मोठ्या दिव्यांच्या उजेडात. वाकड्या पात्याची सुरी, एका हाताने घड धरायचा, दुसऱ्याने देठ कापायचा, आणि हे सगळं पळत, कारण मजुरी बरेचदा वजनावर. करणारे बहुतेक मेक्सिकन. कामावरून सुटलेली काही मंडळी ट्रकपाशी उभ्याने खात होती: मक्याची टॉर्टिला, मांस, कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू. त्या भागातलं माझं सगळ्यात चांगलं जेवण ते. आपल्या लेखात या माणसांचा एकही फोटो नाही, आणि त्यांच्या जेवणाचा पत्ताही नाही.

तेव्हा विनंती अशी, की या मालिकेचा सोनोमावरचा पुढचा भाग छापण्याआधी ती ‘सहा वायनऱ्यांची’ चौकट काढून टाकावी आणि त्या जागी 1968 च्या कायद्याविषयी शंभर शब्द द्यावेत. जागा उरलीच, तर टॅको ट्रक कुठं उभे राहतात तेही सांगावं.

आपली,
एक निवृत्त केटरर