आमरसाची रिकामी पिशवी आणि एक विनंती

मा. डॉ. जितेंद्र सिंह,
राज्यमंत्री, अंतराळ विभाग, भारत सरकार

सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरजवळच्या एका तंत्रनिकेतनात मी मेकॅनिकल शिकवतो. शुभांशु शुक्ला जून २०२५ मध्ये अंतराळ स्थानकात गेले, तेव्हा त्यांनी गाजराचा हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस सोबत नेला होता. वर्गात ती बातमी वाचताना एका मुलीने विचारलं, "सर, आमरस संपल्यावर पिशवीचं काय करतात?" अंतराळातला कचरा तापवून, दाबून त्याची वडी करणाऱ्या आमच्या यंत्राची सुरुवात त्या प्रश्नातून झाली.

आज तो कचरा मालवाहू यानात ठासून भरतात आणि यानासकट वातावरणात जाळून टाकतात. पृथ्वीपासून चारशे किलोमीटरवर हे जमतं. मंगळाच्या वाटेवर असं यान येणार नाही. नासाच्या अंदाजाप्रमाणे चार अंतराळवीरांचा वर्षाचा कचरा २,५०० किलोपर्यंत जातो. तिथे कपडे धुण्याची सोय नाही, त्यामुळे मळलेले कपडेही त्यातच. जाळावा तर प्राणवायू खर्च होतो, साठवावा तर ओल्या अन्नात जंतू वाढतात. म्हणून नासाच्या कॅलिफोर्नियातल्या एम्स संशोधन केंद्राने कचरा तापवून दाबण्याचा मार्ग धरला. प्लास्टिक वितळतं, पाणी वाफ होऊन निघतं आणि उरते एक कडक वडी. प्लास्टिकमध्ये हायड्रोजन भरपूर असल्यामुळे या वड्या किरणोत्सर्गाला आडोसा म्हणूनही वापरता येतील, असा विचार आहे.

आमच्या मुलांनी शिरोलीतल्या एका वर्कशॉपमध्ये पोलादी नळकांडं लेथवर करून घेतलं, त्याला गाडीचा हायड्रॉलिक जॅक जोडला आणि भोवती हीटरचा पट्टा बसवला. कचरा म्हणून तयार जेवणाची पाकिटं, ओले वाइप्स, जुने टी-शर्ट आणि मेसमधला उरलेला भात घेतला. पहिल्याच खेपेला दट्ट्याच्या कडेने वाफ सुटली आणि खोलीभर जळक्या प्लास्टिकचा वास पसरला. आम्ही धावत खिडक्या उघडल्या. एक मुलगा तिथेच उभा होता. म्हणाला, "सर, तिथं खिडकी उघडता येणार नाही."

पुढचे दोन महिने त्या एका वाक्यावर गेले. सील बदललं, वाफेच्या वाटेवर वास शोषणाऱ्या सक्रिय कोळशाची बरणी लावली, थंड केलेल्या तांब्याच्या नळीतून पाणी बाटलीत उतरवलं. मग लक्षात आलं, थेंब खाली पडतो हेच आम्ही गृहीत धरलं होतं. अंतराळात वजनच जाणवत नाही, तिथे तो नळीलाच चिकटून राहील. सातव्या खेपेला तळहाताएवढी काळपट वडी निघाली, चिक्कीसारखी कडक, कडेला टी-शर्टचा निळा धागा दिसत होता. मुलं ती हातोहाती फिरवत राहिली.

साहेब, पैशांची मागणी नाही. आम्हाला मोजमाप हवं आहे. अशा यंत्राला किती वॅट वीज मिळेल? वजन आणि आवाज किती चालेल? केबिनच्या हवेत कोणता वायू किती सोडता येतो? म्हैसूरच्या डीएफआरएल या संरक्षण खात्याच्या अन्न संशोधन प्रयोगशाळेने गगनयानासाठी जेवण तयार केलंय, त्याच्या पाकिटांचे थर कशाचे आहेत? आम्ही किराणा दुकानातली पाकिटं वितळवून अंदाज बांधतोय. एका कार्यालयाला हे सगळं लिहून विचारलं, तर शुभेच्छांचं पत्र आलं आणि प्रदर्शनात भाग घेतल्याचं प्रमाणपत्र. मुलांनी ते भिंतीला लावलं. प्रश्न होते तिथेच राहिले.

विद्यार्थ्यांसाठी इस्रोने दार उघडलेलं आम्ही पाहिलं आहे. पुण्याच्या सीओईपी अभियांत्रिकी महाविद्यालयाचा 'स्वयम्' आणि आयआयटी मुंबईचा 'प्रथम' हे विद्यार्थ्यांनी केलेले उपग्रह २०१६ साली इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटनेच वर गेले. पोएम म्हणजे कक्षेत राहिलेल्या पीएसएलव्हीच्या शेवटच्या टप्प्यावरचा प्रयोगांचा मंच; डिसेंबर २०२४ मध्ये गेलेल्या पोएम-४ वर चवळीला अंकुर फुटले. तशाच पुढच्या एखाद्या पोएमवर पाण्याचे थेंब गोळा करणारी एक बंद पेटी, शाळेच्या डब्याएवढी, पाठवता आली तर आमचा सर्वांत अवघड प्रश्न तपासता येईल.

भारतीय अंतराळ स्थानक २०३५ पर्यंत उभं करायचं ठरलं आहे. तिथल्या कचऱ्याचा प्रश्न आकड्यांसह जाहीर करा, देशातल्या सगळ्या तंत्रनिकेतनांसाठी, आणि शंकांना उत्तर देणारा एक अभियंता नेमा. आमच्या तुकडीची शेवटची परीक्षा मे महिन्यात आहे. त्याआधी तो कागद हाती आला, तर पुढचं सील हीच मुलं बसवतील.

आपला,
मेकॅनिकल विभागातील एक शिक्षक