भरती-ओहोटीची चौकट परत छापा, आमचं भांडण अडलंय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लिहायचं कारण तसं बोटभर आहे. आपल्या पेपरात आतल्या पानावर खाली कोपऱ्यात, सूर्योदय-सूर्यास्ताच्या शेजारी, भरती-ओहोटीच्या वेळा यायच्या. पेपरचं रूप बदललं तेव्हापासून ती चौकट गायब आहे. त्या जागेवर आता ज्येष्ठांसाठी टिप्स येतात. एकटे राहू नका, जुन्या मित्रांना भेटा, नवा छंद लावून घ्या. मी ७३ वर्षांचा ज्येष्ठ आहे, घोडपदेवला राहतो, आणि माझा जुना मित्र न् माझा नवा छंद हे दोन्ही त्या काढून टाकलेल्या चौकटीवरच चालले होते हो.

सविस्तर सांगतो. आम्ही दोघं गोदीत ३१ वर्षं एकत्र होतो, रिटायर झाल्यावर तो त्याच्या गावी गेला, रेवसच्या बाजूला खारेपाटात म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, आणि मी इथेच राहिलो कारण मला गावच नाही. महिन्यातून दोनदा तरी मी त्याच्याकडे जातो. डॉकयार्ड रोडवरून चालत भाऊच्या धक्क्यावर, तिथून लाँच, तासा-सव्वा तासात रेवस. मुलगा म्हणतो बाबा आता अटल सेतू झालाय, गाडीने सोडतो. जानेवारी २०२४ मध्ये तो सुरू झाला तेव्हा एकदा गेलो पण, चांगला आहे, पावणेबावीस किलोमीटर, एका बाजूचा टोल २५० रुपये, आणि पाणी नुसतं खिडकीतून बघायचं. लाँचमध्ये कसं, कोळणीच्या रिकाम्या टोपल्या, कुणाची तरी सायकल, कठड्यावर बसलेले बगळे, आणि भाऊच्या धक्क्याचा तो वास जो आम्हाला वास वाटत नाही. तर ही लाँच पाण्यावर अवलंबून. पूर्ण ओहोटी असली की रेवसला गाळामुळे लाँच लागायची पंचाईत होते. म्हणून वेळा बघूनच निघायचं.

आता भांडण इथे आहे. मित्र पेपर मानत नाही. तो तिथीवर चालतो. त्याच्या वडिलांचा हिशोब आहे, कोकणात पुष्कळांना माहीत असेल, तिथीची पाऊणपट करायची की पूर्ण भरतीची वेळ मिळते. म्हणजे चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, एकादशीला सव्वाआठला. भरती रोज पाऊण तास-पन्नास मिनिटं पुढे सरकते त्यामुळे हिशोब बराचसा बसतो पण तंतोतंत नाही, कधी वीस मिनिटं इकडे, कधी चाळीस मिनिटं तिकडे. मी आदल्या रात्री फोनवर त्याला पेपरातली वेळ वाचून दाखवायचो, तो भिंतीवरचं कॅलेंडर बघून तिथीची सांगायचा, आणि दुसऱ्या दिवशी उघाडीपाशी बसून आम्ही घड्याळ लावून बघायचो कोण खरं ते. हरणाऱ्याने रेवस बंदरावर चहा-वडापाव द्यायचा. ‘मना नको शिकवू, माजा बापूस तिथीवर होरी काढायचा’ हे वाक्य मी गेल्या दहा वर्षांत किती वेळा ऐकलं असेल. पेपर पुढे होता, हेही सांगून ठेवतो. नातू म्हणतो आजोबा ॲपवर बघा ना. बघतो की. पण मित्र मोबाईलचा आकडा धरतच नाही, म्हणतो मोबाईल काय कुणाला काहीही दाखवतो, छापलेलं असेल तर बोल.

उघाडी माहीत नसेल अशा शहरी वाचकांसाठी सांगतो. खारेपाटात समुद्राचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध असतात आणि आतलं पाणी ओहोटीला बाहेर सोडायला त्यात दरवाजे असतात त्याला उघाडी म्हणतात. ओहोटी लागली की आतून पाण्याबरोबर कोलंबी, बारीक मासा वाहत येतो आणि बाहेरच्या बाजूला जिताडा तोंड लावून उभा असतो. त्यामुळे एकादशीसारखा दिवस सगळ्यात चांगला, सकाळी आठच्या भरतीला लाँच सरळ लागते, आणि नऊपासून दुपारपर्यंत ओहोटीवर बसायला मिळतं. फक्त एकादशीला वहिनींचा उपास, घरात मासा शिजत नाही. म्हणजे मासा मिळतो त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी. याच्यावर काही तोडगा नाही.

मित्र गरी टाकतो, साधी दोरी, शिसं, जिवंत कोलंबी. मी मात्र फ्लाय फिशिंग करतो. हसू नका. २०१९ साली मुलीकडे स्कॉटलंडला गेलो होतो, तिच्या शेजारी एक ऐंशीच्या घरातले आजोबा, बायको गेलेली, ते आणि त्यांचा एक मित्र दर मंगळवारी तळ्यावर जायचे ते मला पण घेऊन गेले. तिकडे परमिट काढावं लागतं, आणि रविवारी तर साल्मन धरायला कायद्याने बंदी, बघा आता. दोघे म्हातारे होडीत बसून चार तासांत मोजून दहा शब्द बोलले असतील. थर्मासमधला चहा एकमेकांना द्यायचा, बस. मला आमचीच आठवण आली, फक्त आम्ही दहा शब्दांवर भागवत नाही.

यात गंमत अशी की आपल्या गळाला शिसं असतं, ते वजन फेकलं की दोरी त्याच्या मागे जाते. फ्लायला वजनच नाही. गळाच्या आकड्यावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा, फुंकर मारली तरी उडेल. म्हणून इथे दोरीच जाडजूड, वजनदार असते, ती फेकायची आणि किडा तिच्या मागे जातो. काठी घड्याळातल्या दहा आणि दोनच्या मध्ये पुढे-मागे करायची, मागे नेल्यावर दोरी पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं. हे थांबणं मला जमायला महिना गेला, गोदीत कुणी थांबायला शिकवलंच नव्हतं. निघताना आजोबांनी त्यांची एक जुनी काठी आणि डबीभर फ्लाय दिल्या. ट्राऊटची हलकी काठी ती, जिताड्यापुढे तिचं काय चालणार.

पहिल्याच दिवशी मागचा झोका तिवरात अडकला. दुसऱ्या दिवशी मित्राच्या टोपीत. मित्राने मला आजवर जेवढ्या शिव्या दिल्या त्यातल्या निम्म्या त्या दोन दिवसांतल्या. पण त्या आजोबांनी सांगितलेली एक गोष्ट मी त्याला सांगितली, की साधारण १८०० वर्षांपूर्वी एलियन नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय, मॅसेडोनियातले लोक आकड्याला लाल लोकर गुंडाळून त्याला कोंबड्याची दोन पिसं लावायचे आणि मासे धरायचे. ‘मग आपला कोंबडा काय मेलाय काय’ म्हणून पठ्ठ्या उठला, कोंबड्याच्या मानेची पिसं काढली, वहिनींच्या जुन्या लुगड्याची जर काढली आणि पावसाळाभर ओट्यावर बसून फ्लाय बांधत राहिला. जूनमध्ये यांत्रिक बोटींना बंदी लागते ती ३१ जुलैपर्यंत, गावात सगळे जाळी विणत बसतात, हा चष्मा लावून किडे बांधतो. पोरं त्याला येता-जाता विचारतात काका चावतो का हा?

एक अडचण मात्र खरी. खाऱ्या पाण्यात काठी-रीळ वापरलं की गोड्या पाण्याने धुवावं लागतं नाहीतर गंजतं. आणि खारेपाटात एप्रिल-मेमध्ये गोडं पाणी टँकरचं. मी एकदा तांब्याभर पाणी रिळावर ओतलं तर वहिनी काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघितल्या. तेव्हापासून मी मुंबईहून बाटलीतून पाणी नेतो. नळाचं पाणी लाँचने खारेपाटात नेणारा मी एकटाच असेन.

आजवर फ्लायवर एकच मासा लागला, अर्ध्या किलोच्या आतला जिताडा, त्याच्या जरीच्या किड्यावर. फ्लायवाल्यांची रीत म्हणजे हात ओले करून आकडा काढायचा आणि मासा परत पाण्यात सोडायचा. मी सोडला. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे बारीक सगळे खाल्ले तर पुढे अंडी घालणार कोण, हे मी त्याला समजावून सांगत होतो पण तो ऐकायच्या मनस्थितीत नव्हता. ‘पकडून सोडायचा तर पकडला कशाला?’ एवढं बोलून तो जो गप्प झाला तो संध्याकाळच्या लाँचपर्यंत. स्कॉटलंडवाल्यांचा रेकॉर्ड मोडला आम्ही त्या दिवशी. नंतर कळलं की गावात त्याने सगळ्यांना सांगितलंय, दोन किलोचा होता.

तर आता चौकट बंद झाल्यापासून काय झालंय, की रात्रीचा फोन आखूड झाला. तो तिथीची वेळ सांगतो, माझ्याकडे समोर ठेवायला काही नाही, मी हो म्हणतो. पाच मिनिटांत संपतं. परवा मला म्हणाला, तुजा पेपर हरला. वडापाव दोनदा मीच दिला.

पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा आपण मोठ्या अक्षरात छापता, मुंबई तुंबणार म्हणून, ते ठीकच आहे. पण समुद्र उरलेले आठ महिने पण येतो-जातो. ससून डॉकवाले, वरळी-माहीमचे कोळी, चिंबोऱ्यावाले, लाँचने जाणारे-येणारे, आमच्यासारखे गळ टाकणारे, सगळे ती चौकट बघायचे. दोन भरत्या, दोन ओहोट्या, चार आकडे. टिप्सच्या खाली सुद्धा मावतील. अक्षर जरा मोठं ठेवलंत तर बरं.

आणि एक, शेजारी तिथी छापू नका. त्याला आयता पुरावा मिळेल.

आपला नियमित वाचक,
घोडपदेव, मुंबई