मामा, दुसरी टोपी तुम्ही मला खोलू दिलीत

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार.

माझ्या गाडीच्या अडकलेल्या टोप्या सोडवल्यात आणि मजुरी म्हणून एक पैसाही घेतला नाहीत. फोनवर आभार मानायला लागले की "बरं बरं, ठेव आता" म्हणून तुम्हीच फोन ठेवता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुम्हाला वाचून दाखवायचं तुमच्या नातीने कबूल केलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गाडी माझ्या बाबांची मोटरसायकल, राजदूत ३५०. यामाहाच्या आरडी ३५० वरून एस्कॉर्ट्सने १९८३ पासून भारतात बनवलेली, ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. बाबांनी ती सेकंड हँड घेतली होती. त्यांचे गुडघे गेल्यावर रत्नागिरीत भाट्याजवळच्या आमच्या पडवीत ती चौदा वर्षं उभी राहिली. मागच्या वर्षी मी इंजिन उघडून घेतलं, कार्बोरेटर साफ झाले, गाडी सुरूही झाली. पण पुढच्या शॉकअपमधून तेल गळत होतं. तेल अडवणारे सील बदलायचे तर शॉकअपच्या दोन्ही पाइपांच्या वरच्या तोंडात आट्यांनी बसवलेल्या टोप्या आधी खोलायला हव्यात, आणि त्या टोप्या हलायलाच तयार नव्हत्या.

तुमच्याकडे येण्याआधी त्या टोप्यांचे किती हाल झाले होते ते तुम्ही पाहिलंतच. रिंग पाना घसरून सहाही कोपरे गोल झाले. पाइप पान्याने दात उमटले. कुणीतरी म्हणालं तापवा, म्हणून मी गॅसच्या बत्तीने टोपी चांगली पाच-सात मिनिटं तापवली, तर ती आणखीच घट्ट बसली. शेवटी एका गॅरेजमध्ये छिन्नी लावून झाली आणि "पाइप कापून टाकू, दुसरे बघा" असं उत्तर मिळालं. या गाडीचं उत्पादन थांबून तीस वर्षं उलटलीत. सरळ, गंज न खाल्लेले पाइप शोधायला किती महिने जातात हे जुनी आरडी सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा. त्या रात्री मी झोपले नाही.

दोन दिवसांनी गाडी टेम्पोत घालून आंबा घाट चढून मी कोल्हापूरला आले, उद्यमनगरात तुमच्या लेथपाशी, म्हणजे धातू कातायच्या मशीनपाशी. तुम्ही पाना उचलला नाही. स्टूल ओढून गाडीसमोर बसलात, खिशातून लोहचुंबक काढून टोपीला लावलंत. ते चिकटलं नाही, तुमच्या हातातून खाली पडलं.

"ॲल्युमिनियम. ही कंपनीची न्हवं."

मी तिथूनच बाबांना फोन लावला. हो, त्यांनीच रत्नागिरीत लेथवर करून घेतल्या होत्या, जुन्या टोप्यांचं क्रोम उडालं म्हणून. दर रविवारी पॉलिश करून त्या आरशासारख्या ठेवायचे. मला लहानपणापासून त्या चमकणाऱ्या टोप्या आठवतात, पण त्या मूळच्या नाहीत हे तोवर माहीत नव्हतं.

मग तुम्ही मला समजावलंत, आणि आजवर कुणीही एवढ्या शांतपणे समजावलं नव्हतं. पोलादी पाइपात ॲल्युमिनियमची टोपी, त्यात आमची समुद्राची खारी हवा. मीठ आणि ओल मिळाली की दोन वेगळ्या धातूंमध्ये बॅटरीसारखं काम सुरू होतं आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. त्याची जी पांढरी भुकटी होते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, आट्यांमध्ये ठासून बसते. आणि तापवल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणजे मी बत्तीने टोपीच तापवत होते तेव्हा ती पाइपात आणखी आवळत होते. हे ऐकून मला फार वाईट वाटलं होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "आता कळलं न्हवं? मग झालं."

मग तुम्ही जो प्रश्न विचारलात तो मी कधीच विसरणार नाही. "वरच्या प्लेटचा बोल्ट सैल केलास का?" केला नव्हता. मी नाही, आणि गॅरेजवाल्यांनीही नाही. हँडलखालची ती प्लेट पाइपाला बाहेरून आवळून धरते, आणि टोपीचे आटे नेमके त्याच जागी आत असतात. बाहेरून मूठ आवळलेली असताना आम्ही आतली टोपी फिरवायला बघत होतो. वरच्या प्लेटचा बोल्ट सैल, खालच्या प्लेटचे मात्र घट्टच, नाहीतर टोपीबरोबर अख्खा पाइप फिरेल. ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी निदान एवढं तरी या पत्रातून घ्यावं.

पॉवर स्टीअरिंगचं तेल आणि ॲसिटोन एका बाटलीत घालून, दर वेळी बाटली हलवून, तुम्ही आट्यांच्या कडेला थेंब थेंब सोडलात. ते दोन्ही एकजीव होत नाहीत म्हणून हलवायचं, आणि त्याच्या आसपास आग आणायची नाही, हे दोनदा बजावलंत. मग पितळी रॉड टोपीवर ठेवून हातोडीचे छोटे छोटे ठोके. जोरात नाही, पण पुष्कळ. आतली भुकटी तडकली की तेलाला वाट मिळते. दोन रात्री गाडी तशीच तुमच्याकडे राहिली. त्या दोन रात्री मी मावशीकडे होते आणि सकाळी सहालाच तुमच्या शटरसमोर येऊन उभी राहायचे. तुम्ही कधी त्रासला नाहीत.

तिसऱ्या दिवशी कानस घेतलीत. गोल झालेले कोपरे घासून षटकोन एक माप लहान केलात, इतका नेमका की सॉकेट, म्हणजे वरून टोपीसारखा बसणारा पाना, हातोडीने ठोकूनच बसवावं लागलं. सॉकेटचं तोंडही आधी ग्राइंडरवर सपाट केलंत, कारण सॉकेटच्या तोंडाशी थोडा उतार असतो आणि बुटक्या डोक्यावर तेवढ्यानेच पकड जाते. ही गोष्ट मी आता माझ्या सगळ्या सॉकेटांकडे बघताना तपासते.

आणि मग बर्फ! कोपऱ्यावरच्या सोड्याच्या गाडीवरून तुम्ही बर्फ मागवलात. पिशवीत भरून टोपीवर ठेवलात, आणि खाली पाइपाला, प्लेटला उकळत्या पाण्यात बुडवलेली फडकी गुंडाळलीत. टोपी आकसली पाहिजे, पाइप फुगला पाहिजे. मी जे केलं होतं त्याच्या बरोब्बर उलट. दहा मिनिटांनी बर्फ बाजूला करून तुम्ही लांब दांडा लावलात आणि आधी आवळायच्या बाजूला किंचित दाबलात. "आधी आवळ, मग सोड. एकाच बाजूला ओढत बसलं की आटं मरत्यात." टक् असा आवाज झाला. मला वाटलं काहीतरी तुटलं. तुमचा चेहरा बघून कळलं की सुटलं.

शेवटचे दोन आटे राहिले तेव्हा तुम्ही मला मागे सरकवलंत. इंजिनाखाली जॅक होता, चाक हवेत होतं, तरी आतली स्प्रिंग दाबलेलीच असते. टोपीवर जाड पोतं, त्यावर तुमचा तळहात, त्यावर तुमचं सगळं वजन. टोपी हळूच वर आली. आतून काळं, कुजकं तेल निघालं. पण पाइपाचे आटे शाबूत होते.

मी आनंदाने रडायच्या बेतात होते आणि तुम्ही माझ्या हातात दांडा दिलात. "दुसरी तू."

मामा, खरे आभार याचेच मानायचे आहेत. तुम्ही दुसरीही दहा मिनिटांत खोलली असती. मला तीन तास लागले. दोनदा बर्फ वितळला, पाणी पुन्हा उकळावं लागलं. तुम्ही लेथवर तुमचं काम करत राहिलात, एकदाही दांड्याला हात लावला नाहीत. फक्त एकदा, मी जोर लावून ओढायला लागले तेव्हा, मशीन बंद न करता म्हणालात, "थांब. अजून पाच मिनिटं." तो टक् माझ्या हातात झाला. तळहाताखाली स्प्रिंग कशी वर येते ते मला कळलं. माझ्या आयुष्यात मशीनला हात लावताना "राहू दे, मी करतो" म्हणणारे पुष्कळ भेटलेत. दांडा हातात देणारे तुम्हीच.

मग पिच गेजने, म्हणजे आट्यांमधलं अंतर मोजायच्या पट्टीने, आटे मोजून तुम्ही पोलादाच्या दोन नव्या टोप्या काढून दिल्यात. नवे ओ-रिंग (तेल अडवणाऱ्या रबरी कड्या), आट्यांना तांब्याचं ग्रीस, दोन्ही बाजूंना मोजपात्राने सारखंच तेल. पैशांचं विचारलं तर रॉडच्या तुकड्याचे तेवढे घेतलेत. बाबांच्या टोप्या वर्तमानपत्रात गुंडाळून परत देताना तुम्ही त्यांचे आटे उजेडात धरून पाहिलेत आणि म्हणालात, "ज्यानं केल्या त्याचा हात चांगला हाय." हे मी बाबांना जसंच्या तसं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी त्या टोप्या मागून घेतल्या आणि पॉलिशचा डबा कुठे आहे विचारलं.

शॉकअप आता कोरडे आहेत. भाट्याच्या पुलावरून रोज जाते, गाडी खड्ड्यात दबते आणि नीट वर येते. पावसाळा संपला की आंबा घाटाने कोल्हापूरला यायचं ठरवलंय. बाबा मागे बसणार म्हणतात, गुडघ्यांचं ते बघून घेतील. त्यांना तुमचा लेथ बघायचाय. डबा आमच्याकडून आणते, मामींना स्वयंपाक करू नका म्हणून सांगा.

तुमची,
रत्नागिरीची पोरगी