किती संगणकांवर चालणार, हे बिलावर लिहा

मा. संपादक,

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार (म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी मोफत सुरक्षा-अपडेट) संपला. तेव्हापासून अनेक घरांत नवा लॅपटॉप आला आहे आणि जुना संगणक मुलांच्या खोलीत गेला आहे. जुन्यावर पैसे मोजून घेतलेले सॉफ्टवेअर नव्यावर टाकायला जावे, तर पडद्यावर संदेश येतो: ही ‘की’ (सॉफ्टवेअरसोबत मिळणारा, ते चालू करण्याचा अक्षर-आकड्यांचा क्रमांक) आधीच वापरात आहे किंवा अ‍ॅक्टिव्हेशनची मर्यादा संपली. ग्राहकाला वाटते दुकानदाराने फसवले. दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी बिल मागते आणि बिलावर ‘सॉफ्टवेअर, नग १’ एवढेच लिहिलेले असते. हे सॉफ्टवेअर एका वेळी किती संगणकांवर चालेल आणि दुसऱ्या संगणकावर हलवता येईल की नाही, हे बिलावर छापणे विक्रेत्याला बंधनकारक व्हावे, यासाठी हे पत्र.

मुळात मर्यादा असते ती अ‍ॅक्टिव्हेशनवर. सीडी किंवा डाउनलोड कितीही वेळा वापरा, त्याची मोजणी सहसा होत नाही. की टाकल्यावर सॉफ्टवेअर मदरबोर्ड (संगणकातली मुख्य पाटी), डिस्क, नेटवर्क कार्ड अशा भागांच्या क्रमांकांवरून त्या यंत्राची एक खूण तयार करते आणि कीसोबत कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवते. तिथे नोंद होते: ही की, हे यंत्र. मदरबोर्ड बदलला की खूण बदलते आणि सर्व्हरच्या लेखी तो नवा संगणक ठरतो. काही सॉफ्टवेअरची तपासणी इतकी कडक असते की जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली तरी एक अ‍ॅक्टिव्हेशन खर्ची पडते. घरात संगणक एकच असतो, पण सर्व्हरच्या हिशेबात त्याचे दोन किंवा तीन होतात. फॉरमॅट मारल्याने संगणकावरचे सगळे पुसले जाते, सर्व्हरवरची नोंद मात्र तशीच राहते.

म्हणून फॉरमॅट मारण्यापूर्वी, विकण्यापूर्वी किंवा दुरुस्तीला देण्यापूर्वी त्या संगणकावरचा परवाना मोकळा करणे हे पहिले काम. हिशेबनीसांना हे टॅलीमुळे ठाऊक असते. परवाना आधी ‘सरेंडर’ करायचा आणि मग नव्या यंत्रावर चालू करायचा. फोटोशॉपसारख्या अडोबीच्या प्रोग्रॅममध्ये हेल्प या मेन्यूत ‘साइन आउट’ असते. तिथे एका व्यक्तीच्या वर्गणीत दोन संगणक अ‍ॅक्टिव्हेट ठेवता येतात, पण एका वेळी वापर एकावरच. जुना संगणक बंद पडला असेल तर नव्यावर साइन इन करताना मर्यादेचा संदेश येतो आणि तिथूनच जुन्याला बाहेर काढता येते. ही सोय सगळ्यांनी द्यायला हवी. काही अँटिव्हायरसच्या ‘एक यूजर’ पॅकबाबत मात्र नेमके इथेच अडते. डिस्क गेलेल्या संगणकावर जाऊन परवाना मोकळा कसा करणार? मग हेल्पलाइनला फोन, बिलाचा फोटो आणि वाट पाहणे. अनेक यंत्रांसाठीच्या पॅकमध्ये मोबाइलही मोजला जातो, हेही खरेदीच्या वेळी कोणी सांगत नाही.

विंडोजची गोष्ट वेगळी, आणि सर्वात जास्त गैरसमज इथेच आहेत. लॅपटॉपसोबत आलेले विंडोज त्या यंत्राचेच. विंडोज ८पासून बहुतेक कंपन्या ही की मदरबोर्डवरच साठवून देतात. त्यामुळे फॉरमॅटनंतर ते आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते, पण दुसऱ्या संगणकावर नेता येत नाही. स्वतंत्र विकत घेतलेले रिटेल विंडोज दुसरीकडे नेता येते, तेही एका वेळी एकाच संगणकावर. आपल्याकडचे कोणते, हे पाहायला अर्धा मिनिट लागतो. विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबावे. उघडलेल्या चौकटीत एस, एल, एम, जी, आर ही अक्षरे जोडून टाइप करावीत, एक जागा सोडून उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ द्यावी, तिला चिकटून डी, एल, आय लिहावे आणि एंटर दाबावे. येणाऱ्या खिडकीत ‘डिस्क्रिप्शन’च्या ओळीत शेवटी ओईएम (यंत्रासोबत आलेले), रिटेल (स्वतंत्र विकत घेतलेले) किंवा व्हॉल्यूम (संस्थांसाठीचे) यांपैकी एक शब्द दिसतो.

इथे एक सावधगिरी. विंडोज ७ किंवा ८वरून मोफत विंडोज १०वर गेलेल्या संगणकावरही ‘रिटेल’ दिसू शकते. त्याच खिडकीत कीची शेवटची पाच अक्षरे दिलेली असतात. ती ‘८ एच व्ही एक्स ७’ (विंडोजची होम आवृत्ती) किंवा ‘३ व्ही ६ ६ टी’ (प्रो आवृत्ती) असतील तर ती सर्वांना सारखीच असणारी सर्वसाधारण की आहे. खरा परवाना यंत्राच्या नावे सर्व्हरवर आहे, आणि मूळ विंडोज लॅपटॉपसोबतचे असेल तर तो हलवता येत नाही. अशा ‘रिटेल’च्या भरवशावर जुना संगणक भंगारात देऊ नये.

‘व्हॉल्यूम’ दिसले तर जास्त सावध व्हावे. हे परवाने संस्था आणि कंपन्यांसाठी असतात, घरगुती ग्राहकाला सुटे विकण्यासाठी नव्हेत. ऑनलाइन चारपाचशे रुपयांत ‘आजीवन’ म्हणून मिळणाऱ्या कींमध्ये अशा पुष्कळ असतात. त्यांतल्या एका प्रकारात अ‍ॅक्टिव्हेशन फक्त १८० दिवसांचे असते आणि त्या काळात संस्थेच्या सर्व्हरशी पुन्हा संपर्क व्हावा लागतो. दुसऱ्या प्रकारात एकाच कीला ठरावीक संख्या दिलेली असते. ती संपली की पुढच्या ग्राहकाच्या हाती नुसता आकड्यांचा कागद उरतो. वरच्याच आज्ञेत डी, एल, आयच्या जागी एक्स, पी, आर लिहिले तर अ‍ॅक्टिव्हेशन कायमचे आहे की त्याला मुदत आहे, हे कळते. पैसे देण्यापूर्वी दुकानातच हे करून पाहावे.

मदरबोर्ड बदलायचा असेल तर तो बदलण्याच्या आधी सेटिंग्ज, सिस्टीम, अ‍ॅक्टिव्हेशन इथे जाऊन विंडोज आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेले आहे का, ते पाहावे. नंतर तिथल्याच ट्रबलशूटमध्ये ‘या यंत्राचे हार्डवेअर नुकतेच बदलले’ हा पर्याय निवडून, त्याच खात्याने साइन इन करून, यादीतला आपला संगणक निवडता येतो. आधी होम होते आणि नव्यावर प्रो टाकले, तर हे चालत नाही. खाते आधी जोडलेले नसेल तर यादीत संगणकच दिसत नाही. दुरुस्तीवाल्यांनी बोर्ड काढण्यापूर्वी हा प्रश्न ग्राहकाला विचारलाच पाहिजे.

ऑफिसबाबत दोन चुका सर्रास होतात. मायक्रोसॉफ्ट ३६५ फॅमिली सहा जणांसाठी असते, आणि प्रत्येकाला एका वेळी पाच यंत्रांवर साइन इन करता येते. पण घरोघरी वडिलांच्या एकाच खात्याने सगळे साइन इन करतात. मग पाच यंत्रे भरली की सहाव्यावर अडचण, आणि सगळ्यांच्या फाइल एकाच एक टीबी जागेत मिसळलेल्या. वर्गणी घेणाऱ्याने खात्याच्या पानावर ‘शेअरिंग’मध्ये जाऊन बाकीच्या पाच जणांना निमंत्रण पाठवायचे असते. प्रत्येकाने ते आपल्या खात्याने स्वीकारले की ज्याला त्याला स्वतःची पाच यंत्रे आणि स्वतःची एक टीबी जागा मिळते. याला जादा पैसे लागत नाहीत.

दुसरी चूक दुकानात होते. नव्या लॅपटॉपसोबत आलेले ऑफिस दुकानदार घाईत स्वतःच्या किंवा नोकराच्या इमेलने चालू करून देतो. वर्षा-दोन वर्षांनी फॉरमॅट केल्यावर ऑफिस तोच इमेल मागते आणि तो कोणाचा, हे कोणालाच आठवत नाही. लॅपटॉप घेताना ऑफिस चालू करायचे ते आपल्याच खात्याने, आपल्यासमोर. खात्याला आपला मोबाइल क्रमांक जोडावा आणि पासवर्ड घरातल्या एका वहीत लिहून ठेवावा.

अटी बदलत नाहीत, असे समजू नये. घरगुती ऑफिस २०१०चा परवाना एका घरातल्या तीन संगणकांना चालत असे. ऑफिस २०१३च्या वेळी तो एका संगणकाला कायमचा बांधला गेला होता. ग्राहकांनी जोरदार आवाज उठवल्यावर मार्च २०१३मध्ये मायक्रोसॉफ्टने अट बदलली आणि ९० दिवसांतून एकदा दुसऱ्या संगणकावर हलवण्याची मुभा दिली. युरोपीय न्यायालयाने तर ३ जुलै २०१२ रोजी ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणात सांगितले की कायमस्वरूपी परवाना विकत घेतलेल्याला तो पुढे विकता येतो, मात्र स्वतःची प्रत बंद करून. आपल्याकडे निदान परवान्याचा प्रकार बिलावर छापण्याइतकी तरी मागणी व्हावी.

एक मागणी सॉफ्टवेअर कंपन्यांकडे आहे. अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर बंद करायचा असेल तर त्याआधी ग्राहकाला सर्व्हरविना चालणारी प्रत द्या. अडोबीने क्रिएटिव्ह सूट २ या आपल्या जुन्या सॉफ्टवेअर-संचाचे सर्व्हर बंद केले तेव्हा जुन्या ग्राहकांसाठी अशी प्रत उपलब्ध केली होती, म्हणजे हे करता येते. मराठी डीटीपीच्या (संगणकावर छपाईची पाने जुळवण्याच्या) धंद्यात आजही जुन्या फाँट-सॉफ्टवेअरवर अवलंबून असलेले अनेक छापखाने आहेत. तिथे डोंगल (सॉफ्टवेअर चालण्यासाठी संगणकाला लावावे लागणारे छोटे उपकरण) बिघडला किंवा पुरवठादार गेला की वर्षानुवर्षांचा मजकूर उघडायचा कसा, हा प्रश्न उभा राहतो.

तोवर ग्राहकाने करायचे ते असे. खरेदीच्या वेळी दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावे: परवाना रिटेल की ओईएम, किती यंत्रे, मुदत किती, हलवता येतो का. तो लिहून द्यायला तयार नसेल तर तिथून घेऊ नये. फसवणूक झाली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. सोबत बिल, विक्रीच्या जाहिरातीचे चित्र आणि वर सांगितलेल्या अ‍ॅक्टिव्हेशनच्या खिडकीचा फोटो ठेवावा. त्या फोटोत कीची शेवटची पाच अक्षरे दिसली तर चालतील. पूर्ण की मात्र तक्रारीतही कोणाला पाठवू नये.

— संगणक दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक, ठाणे